क्रोममध्ये यादी दिसते, कार्यवाहांच्या आयफोनवर पान पांढरंफटक

तुमची अडचण मला समजली ती अशी. वाचनालयाच्या साडेचार हजार पुस्तकांची यादी तुम्ही एका वेबपानावर टाकलीत आणि वर शोधायची चौकट दिलीत. तुमच्या लॅपटॉपवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स, तिन्हींत पान नीट चालतं. कार्यवाहांच्या आयफोनवर मात्र सफारीत पांढरंफटक. त्यांनी त्याच फोनवर क्रोम टाकून बघितलं, तिथेही तेच. त्यांच्या मुलीच्या आयफोनवर व्यवस्थित दिसतं. कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फायली) साफ करून झाली, फोन बंद-चालू करून झाला. ‘सफारीत एखादी सेटिंग बदलायची असते का?’ असं तुम्ही विचारलंय.

सेटिंग असूही शकते, पण मला ती शक्यता कमी वाटते. का, ते तुम्हीच जाता जाता लिहून गेलात: मुलीच्या फोनवर चालतंय. तिचाही आयफोनच, तिचीही सफारीच. म्हणजे हे भांडण क्रोम आणि सफारीचं नाही. एक तर जुनी सफारी आणि नवी सफारी यांच्यातलं आहे, नाहीतर एका फोनवर साठून राहिलेल्या कशाचं तरी आहे. कार्यवाहांचा फोन कोणता आणि त्यावर आयओएस कितवं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे दोन्ही दिसेल. पुढचं बरंचसं त्या एका आकड्यावर अवलंबून आहे, त्यामुळे ते आधी बघून घ्या.

त्याच फोनवर क्रोममध्येही दिसत नाही, यावरून तुम्ही ‘दोन ब्राउझरांत बंद आहे’ असा हिशेब मांडलाय. तो चुकतो. आयफोनवरचा क्रोम फक्त नावाचा आणि दिसण्याचा क्रोम आहे. पान वाचून पडद्यावर मांडायचं काम आतून सफारीचंच इंजिन, म्हणजे वेबकिट, करतं. ॲपलचा नियमच तसा आहे. २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघापुरती त्यात सवलत मिळाली, आपल्याकडे नाही. आणि लॅपटॉपवरचे क्रोम आणि एज २०२० पासून एकाच इंजिनावर चालतात. तेव्हा तुम्ही पाच-सहा ठिकाणी तपासलंत असं वाटलं तरी खरी उत्तरं चारच आहेत: क्रोमचं इंजिन हो म्हणतं, फायरफॉक्सचं हो म्हणतं, एका फोनवरचं वेबकिट हो म्हणतं आणि दुसऱ्या फोनवरचं नाही म्हणतं.

कॅशे साफ केलीत याबद्दल थोडी कुरकुर करतो. अठरा वर्षं मी लोकांच्या साइट्स सांभाळतो आहे, आणि ‘आधी कॅशे उडवा’ हा सल्ला मी सगळ्यात शेवटी देतो. त्याने कधी कधी काम होतं, नाही असं नाही. पण काम कशामुळे झालं हे कायमचं पुसलं जातं. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला: त्यांच्याच साइटचं पान त्यांच्याच क्रोममध्ये कोरं, बाकी सगळ्यांना दिसतंय. इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडोत उघडायला सांगितलं, तर लगेच दिसलं. म्हणजे दोष त्या क्रोमने जपून ठेवलेल्या कशात तरी होता. खणल्यावर निघाला सर्व्हिस वर्कर: आधीच्या डेव्हलपरने साइट ऑफलाइन चालावी म्हणून बसवलेली छोटी स्क्रिप्ट, जी ब्राउझर स्वतःकडे ठेवून घेतो. ती दोन वर्षांपूर्वीच्या साइटचं पान साठवणीतून काढून देत होती आणि त्या पानाला लागणाऱ्या फायली सर्व्हरवरून कधीच गेल्या होत्या. मालकांनी सगळा डेटा पुसला असता तर त्यांच्यापुरतं मिटलं असतं. पण जुन्या साइटवर येऊन गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच कोरं पान दिसत राहिलं असतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता. शेवटी त्याच पत्त्यावर, स्वतःची नोंद काढून टाकणारा चार ओळींचा नवा सर्व्हिस वर्कर ठेवला, तेव्हा ते सगळीकडून सुटलं.

खासगी विंडो काहीही न पुसता हेच तपासून देते. तिथे जुन्या कुकीज नसतात, साठवलेली पानं नसतात, आणि संगणकावर बहुतेक एक्स्टेन्शनही आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. कार्यवाहांच्या सफारीत खासगी टॅब उघडून तेच पान बघा. तिथे दिसलं तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा. तिथेही कोरंच असेल, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर फोनची आठवण निर्दोष सुटली.

आता दुसरी चाचणी. पान पांढरं असताना उघड्या टॅबांच्या यादीत जाऊन त्या टॅबचं नाव वाचा. वाचनालयाचं नाव नीट दिसतंय का? दिसत असेल तर तुमची एचटीएमएल फाइल फोनपर्यंत पोचली आहे. नेटवर्क, सर्व्हर, सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला), सगळं ठीक आहे. अडलंय ते पान पोचल्यानंतर. नावाच्या जागी नुसता पत्ता असेल किंवा ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशा अर्थाची सूचना येत असेल, तर मामला वाटेतला आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

नाव दिसतंय असं धरून पुढे जातो. तुमची यादी एचटीएमएलमध्ये लिहिलेली नसून जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा कोड, ती एका फायलीतून वाचून पानावर काढते, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मग ब्राउझरचा एक स्वभाव माहीत हवा. एचटीएमएल (पानाचा मजकूर) आणि सीएसएस (तो कसा दिसावा याचे नियम) यांच्या बाबतीत तो सोशिक असतो. न कळलेला टॅग किंवा नियम दिसला तर तेवढा सोडून पुढे जातो; पान थोडं वाकडं दिसेल, पण दिसेल. जावास्क्रिप्टच्या बाबतीत तो बँकेत चेक तपासणाऱ्या माणसासारखा वागतो: एका जागी खाडाखोड दिसली की सगळा चेक परत. फायलीत हजार ओळी असोत, एक चिन्ह जरी व्याकरणाबाहेरचं वाटलं तरी त्या फायलीतली पहिली ओळसुद्धा चालत नाही. आणि हल्ली सगळ्या स्क्रिप्ट एका फायलीत बांधून टाकायची पद्धत आहे. मग उरतं काय? पांढरं पान.

ते चिन्ह कोणतं, हे तुमचा कोड न बघता छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मराठी शोध, जुना आयफोन आणि पूर्ण कोरं पान हे तिन्ही एकत्र आलं की माझा पहिला संशय एकाच ठिकाणी जातो, आणि तो का जातो हे जरा विस्ताराने सांगतो, कारण हा खड्डा इंग्रजी साइट करणाऱ्यांच्या वाटेत सहसा येत नाही.

वाचक ‘वन’ शोधतो तेव्हा त्याला वनांवरची पुस्तकं हवी असतात. साध्या शोधात त्याला जीवन, पवन, भुवन सगळंच मिळतं. मग आपण पूर्ण शब्द शोधायला जातो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे काय शोधायचं त्याचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीत, शब्दाच्या कडेसाठी एक तयार खूण आहे, पण जावास्क्रिप्टमध्ये ती खूण फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा यांनाच ‘शब्द’ मानते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिच्या लेखी स्वल्पविरामाच्या पंक्तीतलं. त्यामुळे मराठीत ती कधीच लागू पडत नाही. थोडं शोधल्यावर प्रत्येकाला एकच उपाय सापडतो: ‘या शब्दाच्या मागे अक्षर नसावं आणि पुढे अक्षर नसावं’ असं लिहायचं. पुढे बघण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये फार जुनी आहे, ती कुठेही अडत नाही. मागे बघण्याची सोय, जिला लुकबिहाइंड म्हणतात, ती मात्र २०१८ च्या आवृत्तीत आली. क्रोमने ती २०१७ मध्येच घेतली होती, फायरफॉक्सने २०२० मध्ये घेतली, आणि सफारीने घेतली थेट मार्च २०२३ मध्ये, १६.४ या आवृत्तीत. साडेपाच वर्षांचा हा फरक. त्या काळात किती मराठी-हिंदी शोधपानं आयफोनवर कोरी पडली असतील, देव जाणे. माझी स्वतःची दोन पडली.

आता फोनकडे या. आयफोनवर सफारी वेगळी अपडेट होत नाही, ती आयओएसबरोबरच येते. आयफोन ७ आणि त्याच्या आधीचे फोन आयओएस १५ वर किंवा त्याच्याही आधी थांबले. १६ साठी किमान आयफोन ८ लागतो. कार्यवाहांकडे आयफोन ७ असेल तर त्यांना कितीही वेळा अपडेट करायला सांगा, ही सोय त्या फोनवर कधीच येणार नाही. फोन ८ किंवा त्यानंतरचा असेल आणि केवळ अपडेट टाळलं असेल, तर अपडेट केल्यावर पान दिसेल. पण तसं झालं तरी पान दुरुस्त कराच. अपडेट न केलेले वाचक तुम्हाला फोन करत नाहीत, ते नुसते निघून जातात.

हा अंदाज झाला. खात्री कशी करायची? सफारीचा कन्सोल, म्हणजे एरर दिसतात ती जागा, बघायला मॅक आणि केबल लागते. फोनवर सफारीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू करायचा, केबल जोडायची आणि मॅकच्या सफारीतल्या डेव्हलप मेनूतून फोनवरचं पान उघडायचं. मॅक नसेल तर मी एक गावठी पण हमखास युक्ती वापरतो. पानाच्या हेडमध्ये, बाकी सगळ्या स्क्रिप्टच्या वर, एक वेगळी चार ओळींची स्क्रिप्ट टाकायची: कुठेही एरर आली की तिचा मजकूर, फायलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक पानावरच मोठ्या अक्षरांत छापायचा. ही स्क्रिप्ट अगदी जुन्या वळणाने लिहा, नव्या सोयी वापरू नका, नाहीतर तीच चेकसारखी परत येईल. ती मुख्य फायलीत घालूनही उपयोग नाही, कारण ती फाइल चालतच नाहीये. एक अडथळा येऊ शकतो. तुमची मुख्य स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर ब्राउझर सुरक्षेसाठी तपशील लपवतो आणि नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच हाती लागतं. तेव्हा तपासणीपुरती ती फाइल स्वतःच्या सर्व्हरवर आणून ठेवा.

पडद्यावर ‘इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’ असं आलं की समजा सापडलं. जुनी सफारी लुकबिहाइंडला याच शब्दांत नकार देते. मग कोडमध्ये शोधा: उघडा कंस, प्रश्नचिन्ह, ‘पेक्षा लहान’चं चिन्ह, आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह किंवा उद्गारचिन्ह. तुम्ही लिहिलेल्या कोडमध्ये सापडलं नाही तर बांधून तयार झालेल्या अंतिम फायलीत शोधा. दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडची लायब्ररी घेतली की तिच्या पोटातून हे येतं, आणि एखाद्या किरकोळ अपडेटमध्ये अचानक येतं. ‘कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

दुरुस्तीसाठी बेबेलवर, म्हणजे नव्या जावास्क्रिप्टचं जुन्या रूपात भाषांतर करणाऱ्या साधनावर, विसंबू नका, लुकबिहाइंडचं तो तसं भाषांतर करत नाही. त्या भोवती एरर पकडणारा कोड लावूनही काही होत नाही, कारण फाइल वाचतानाच नाकारली जाते, चालण्याची वेळच येत नाही. सरळ उपाय असा: मागे बघण्याऐवजी मागचं चिन्ह धरूनच घ्या. म्हणजे ‘ओळीची सुरुवात किंवा अक्षर नसलेलं कोणतंही एक चिन्ह, आणि मग वन’ असं शोधा आणि ते मागचं चिन्ह वेगळ्या गटात ठेवा. सापडलेला शब्द रंगवून दाखवत असाल तर तो गट परत जागेवर ठेवायला विसरू नका, नाहीतर मधली जागा खाल्ली जाऊन ‘जुने वन’चं ‘जुनेवन’ होतं.

‘अक्षर नसलेलं’ याची व्याख्या करतानाही जपा. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांच्या, वर्गवारीत ‘व’ हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त यांचा वर्ग निराळा आहे, ती ‘चिन्हं’ आहेत. तुम्ही फक्त अक्षरांचा वर्ग वगळलात तर पवन बरोबर गाळलं जाईल, पण जीवन यादीत येईल, कारण तिथे ‘वन’च्या लगेच मागे ‘ज’ नाही, दुसरी वेलांटी आहे. अक्षर आणि चिन्ह दोन्ही वर्ग वगळा. हे मला एका शब्दकोशाच्या कामात कळलं, तेही वापरणाऱ्या आजींनी दाखवून दिल्यावर.

एरर वेगळीच आली तर काय, हेही थोडक्यात सांगतो. तारखेवर अडलं असेल तर डेटाबेसमधून ‘वर्ष-महिना-दिवस, मग मोकळी जागा, मग वेळ’ अशी तारीख येतेय का बघा. क्रोम ती चालवून घेतो, जुनी सफारी अवैध ठरवते. मधल्या मोकळ्या जागेऐवजी टी हे इंग्रजी अक्षर घातलं की दोघंही मानतात. साठवणीबद्दल सुरक्षेची एरर असेल तर सफारीत सगळ्या कुकीज अडवायची सेटिंग चालू असू शकते. तसं निघालं तर तुमचा सेटिंगचा संशय खरा ठरेल आणि मी माघार घेईन. मात्र तेव्हाही कोडने साठवण न मिळाल्यास गप्प पुढे जायला शिकलं पाहिजे. आणि सफारीच नेहमी मागे असते असं नाही. काना-मात्रा न तोडता मराठी अक्षरं मोजण्यासाठी जी सेगमेंटरची सोय आहे, ती सफारीत २०२१ पासून आहे, फायरफॉक्समध्ये मात्र २०२४ मध्ये १२५ व्या आवृत्तीत आली. तिथे जुन्या फायरफॉक्सवर यादी कोरी पडते आणि आयफोनवाले खूश असतात.

वाटेतला मामला निघाला, म्हणजे टॅबवर नावच आलं नाही, तर सर्टिफिकेटपासून सुरुवात करा. सर्व्हरने स्वतःच्या सर्टिफिकेटबरोबर मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट पाठवायचं असतं. ते बसवताना राहिलं तर संगणकावरचा क्रोम ते बाहेरून शोधून आणतो आणि काही झालंच नाही असं दाखवतो. फायरफॉक्स तसं शोधायला जात नाही. जुन्या यंत्रांचं दुखणं आणखी वेगळं. ३० सप्टेंबर २०२१ ला फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेला आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा कित्येक जुन्या यंत्रांवर साइट्स उघडेनाशा झाल्या आणि त्याच यंत्रावरच्या फायरफॉक्समध्ये उघडत राहिल्या, कारण फायरफॉक्स विश्वासू संस्थांची स्वतःची यादी बाळगतो.

आणि उलट बाजूने, एखाद्याच्या क्रोममध्येच पानाचा ठरावीक भाग गायब असेल तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बघा. मी एकदा पत्त्याच्या चौकटीला इंग्रजी ‘ॲड्रेस’चं संक्षिप्त रूप करून ‘ॲड बॉक्स’ असं नाव दिलं होतं. अर्ध्या लोकांना दुकानाचा पत्ताच दिसेना.

तुमच्या वाचनालयाच्या काउंटरवर विंडोज ७ चा संगणक असेल तर तोही तपासून घ्या. त्यावरचा क्रोम १०९ व्या आवृत्तीवर, म्हणजे जानेवारी २०२३ वर, थांबलेला आहे. सीएसएसचे नियम एकात एक लिहिण्याची नवी पद्धत क्रोममध्ये ११२ पासून आली. तुम्ही ती वापरली असेल तर तिथे पान कोरं पडणार नाही, पण विस्कटेल.

मी तुमच्या जागी असतो तर एरर दुरुस्त झाल्यावर आणखी एक बदल केला असता. पुस्तकांची यादी मुळातच एचटीएमएलमध्ये छापली असती, लेखकाच्या आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वेगवेगळ्या पानांवर, आणि शोधाची स्क्रिप्ट त्यावर वरून बसवली असती. मग उद्या दुसरी कुठली नवी सोय कुठल्या जुन्या फोनवर अडली तर शोधाची चौकट तेवढी बंद पडेल, पुस्तकं दिसत राहतील. साडेचार हजार ओळी म्हणजे काही फार नाहीत. यादी क्वचित बदलत असेल तर हे काम एका संध्याकाळचं आहे. रोज नवी पुस्तकं चढत असतील तर सर्व्हरवर थोडी सोय करावी लागेल.

तेव्हा क्रम असा ठेवा: आयओएसचा आकडा, खासगी टॅब, टॅबचं नाव, मग ती चार ओळींची स्क्रिप्ट. एरर मी म्हणतो ती नसेल तर पडद्यावर येईल ती जशीच्या तशी, ओळीच्या क्रमांकासकट मला लिहून पाठवा, स्वतःच्या शब्दांत नको. आणि कार्यवाहांना तो फोन इतक्यात विकू देऊ नका. पानात बदल केला की आधी तिथे उघडून बघायला त्याच्याइतका चांगला फोन तुम्हाला मिळणार नाही.